नक्षी आणि माग यांची सांगड : वेळ, सूत आणि पैसा कसा वाचतो?

मागवाल्याला विचारले तर तो म्हणतो, मजुरी परवडत नाही. व्यापाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, माल वेळेवर मिळत नाही. गिऱ्हाईक म्हणते, नमुना एक दाखवला आणि थान दुसरेच आले. तिघांच्याही तक्रारी खऱ्या आहेत. पण कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर आमचे असे मत झाले आहे की, या तिन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी असते. नक्षी काढणारा एका गावात बसतो, माग दुसऱ्या गावात चालतो, आणि दोघांच्या मधली साखळी तुटलेली असते.

आज संगणकावर नक्षी काढण्याला ‘कॅड’ म्हणतात आणि संगणकाच्या हुकुमावर यंत्राने माल तयार करण्याला ‘कॅम’ म्हणतात. हे दोन शब्द भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागवाल्यांनी ऐकलेले आहेत. पण ही मोठ्या गिरण्यांची चैन आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असा समज अजून आहे. तो समज बरोबर नाही, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आमच्या नुकसानीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका व्यापाऱ्याने आमच्याकडे पडद्याच्या कापडाची चार हजार मीटरची ऑर्डर दिली. नक्षी सुंदर होती. सहा इंचाचा गोल चाँद, त्याच्याभोवती वेल. नक्षी काढणाऱ्या मास्टरने ती दर इंची ८० तार आणि दर इंची ६० पिक धरून काढली होती. तार म्हणजे ताण्याचा उभा धागा, आणि धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक पिक, हे या पानाच्या बहुतेक वाचकांना माहीत आहेच. सहा इंचाच्या चाँदासाठी ३६० पिक लागणार होते, म्हणून ३६० पत्ते पाडले गेले.

आम्ही मागवाल्याला जी चिठ्ठी दिली, तिच्यावर नक्षीचा नंबर होता, रंग होते, पन्हा होता, मीटर होते. पिक लिहिलेले नव्हते. मागावर आधीच्या मालाचे पिक ठरवणारे दातेरी चाक तसेच होते, आणि ते ५२ पिकचे होते. आता हिशोब पाहा. पत्ते ३६०च आहेत, पण इंचात ६० ऐवजी ५२ पिक बसतात. ३६० ला ५२ ने भागले की उत्तर येते सुमारे ६.९. म्हणजे चाँद रुंदीला सहा इंच आणि लांबीला जवळजवळ सात इंच झाला. गोल चाँदाचे अंडे झाले.

पहिला मीटर कापून त्यावर पट्टी लावण्याचे कोणाला सुचले नाही. पंधराशे मीटर विणून झाल्यावर व्यापाऱ्याचा माणूस आला आणि त्याने पहिल्या नजरेत दोष ओळखला. तो माल आम्हाला पडत्या भावात काढावा लागला. मागवाल्याची मजुरी आम्ही पूर्ण दिली, कारण चूक त्याची नव्हती. नक्षी काढणाऱ्याचीही नव्हती. चूक त्या चिठ्ठीची होती, आणि चिठ्ठी आमची होती.

एकाच्या डोक्यातील माहिती दुसऱ्याच्या हातापर्यंत पोचली नाही, एवढेच कारण. नक्षी आणि उत्पादन जोडण्याचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे.

जुनी पद्धत

नक्षी मागावर चढवणे हा आपल्या कारीगरांचा जुना हुनर आहे. बनारसमध्ये हे काम करणाऱ्याला नक्शबंद म्हणत. तो कागदावरील फूल धाग्यांच्या गाठींमध्ये बांधून ठेवी. कोणत्या वेळी कोणते तार उचलायचे, हे त्या गाठींवरून मागावर समजे. बुखाऱ्याचे सूफी बुजुर्ग ख्वाजा बहाउद्दीन यांच्या नावापुढील ‘नक्शबंद’ या शब्दाचा मूळ अर्थही नक्षी बांधणारा असाच आहे.

यंत्राला आधीच हुकूम बांधून देण्याची कल्पनाही आपल्याकडे परकी नाही. अल-जझरी या मुस्लिम कारागिराने १२०६ साली यंत्रांवर ग्रंथ पूर्ण केला. त्यातील एका यंत्रात फिरत्या दांड्यावरील खुंट्या पट्ट्यांवर आपटून वाद्ये वाजवतात. आपल्या डॉबीच्या लाकडी पट्ट्यांमध्ये खुंट्या ठोकून आपण जे करतो, त्याचे तत्त्व असेच आहे. कोठे खुंटी आहे आणि कोठे नाही, हाच यंत्राला दिलेला हुकूम.

फ्रान्समध्ये लिआँ हे रेशमाचे शहर. तेथे १७२५ साली बुशाँ याने भोके पाडलेल्या कागदाचा उपयोग केला, तीन वर्षांनी फाल्काँ याने कागदाऐवजी पत्ते आणले, आणि जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास या सगळ्याची एक चालणारी यंत्ररचना केली. पत्त्यात भोक असेल तर सुई आत जाते, हुक जागेवर राहतो आणि त्याचा तार उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, हुक सुटतो आणि तार खाली राहतो. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणितयंत्रासाठी पत्त्यांची कल्पना जॅकार्डच्या मागावरूनच घेतली. म्हणजे संगणक मागाकडे आला असे आपण म्हणतो, पण आधी माग संगणकाकडे गेला होता.

१९८३ साली मिलान येथील यंत्रप्रदर्शनात बोनास या इंग्रज कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मांडले. त्यात पत्ते नाहीत. हुक धरायचा की सोडायचा, हे लहान विद्युतचुंबक ठरवतात आणि त्यांना हुकूम संगणकाची फाइल देते. नक्षीपासून मागापर्यंतची साखळी तेथे पहिल्यांदा कागदाशिवाय पूर्ण होण्याचा रस्ता उघडला.

पत्ता पाडण्यात वेळ कोठे जातो?

साध्या जॅकार्डचे उदाहरण घेऊ. ४८० हुकांचे जॅकार्ड आहे आणि दर इंची ८० तार आहेत. ४८० ला ८० ने भागले की सहा. म्हणजे या मागावर नक्षी रुंदीला सहा इंचांनी पुन्हा येणार. मास्टरने आठ इंचाचे फूल काढले, तर ते या मागावर बसणारच नाही. हे त्याला आधी माहीत असले तर ठीक. नसले तर मागावर गेल्यावर फूल दाबावे लागते, आणि दाबलेले फूल ओळखू येते.

नक्षी पास झाली की ती चौकटीच्या कागदावर उतरवतात. एक उभी रांग म्हणजे एक तार, एक आडवी रांग म्हणजे एक पिक. ४८० तार आणि ३६० पिक यांच्या नक्षीत १,७२,८०० घरे होतात. त्यातील प्रत्येक घर भरायचे की मोकळे ठेवायचे, हे डोळ्यांनी ठरवायचे. चौकटीचा कागदही तार आणि पिक यांच्या प्रमाणाचा हवा. ८० तार व ६० पिक असतील तर आठास सहाचा. नाहीतर कागदावर गोल दिसणारे कापडावर लांबट होते. नंतर पत्ते पाडणारा एक-एक रांग वाचून भोके पाडतो. बाण्याला दोन रंग आळीपाळीने असतील तर पत्ते ३६० चे ७२० होतात. मग ते दोरीने गुंफायचे, मागावर टांगायचे, नमुना विणायचा, चूक शोधायची, चुकीचा पत्ता पुन्हा पाडायचा. आमच्या अनुभवात एका बऱ्या नक्षीला असे आठ-दहा दिवस सहज जात. एवढ्या दिवसांत बाजाराची मागणी बदलते. ईदच्या आधी आठ दिवस जी नक्षी हवी, ती ईदनंतर कोण घेणार?

संगणकावर काय होते?

कॅडमध्ये पहिले काम म्हणजे मागाची माहिती भरणे. हुक किती, तार किती, पिक किती, फणी कोणती, बाण्याचे रंग किती घेता येतात. ही माहिती भरल्याशिवाय नक्षीला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही आता पाळतो. आमचे ते पंधराशे मीटर या एका नियमाने वाचले असते.

दुसरे काम, रंग मोजके करणे. हाताने रंगवलेले चित्र स्कॅन केले तर त्यात शेकडो छटा येतात. माग चार किंवा आठ रंगांचा बाणा घेणारा असेल, तर नक्षीतही तेवढेच रंग उरले पाहिजेत.

तिसरे काम, प्रत्येक रंगाला वीण देणे. पानाला साटन, जमिनीला साधी वीण, काठाला ट्विल, असे ठरवले की संगणक ती लाखभर घरे स्वतः भरतो. मास्टरचे आठवड्याचे काम दुपारपर्यंत होते. मात्र कोणती वीण कोठे द्यायची, हे संगणक ठरवत नाही. ते मास्टरलाच कळले पाहिजे.

चौथे काम तपासणीचे आहे, आणि आमच्या मते सर्वांत मोठी बचत येथेच आहे. धागा फार लांब मोकळा राहिला तर तो कापडावर लोंबतो आणि नखाला अडकतो. आठ धाग्यांच्या साटनमध्ये धागा सात धाग्यांवरून मोकळा जातो, ते चालते. पण दोन फुलांच्या सांध्यात तो वीस-पंचवीस धाग्यांवरून गेला तर कापड गिऱ्हाइकाच्या घरी टिकणार नाही. संगणक अशी ठिकाणे दाखवतो. नक्षीचा डावा काठ उजव्या काठाला मिळतो की नाही, हेही आधीच दिसते.

पाचवे, विणल्यानंतर कापड कसे दिसेल, याचे चित्र. सुताचे रंग घालून ते गिऱ्हाइकाला दाखवता येते. सहा रंगसंगती दाखवायला पूर्वी सहा नमुने विणावे लागत. आता सहा चित्रे दाखवून त्यातील दोनच विणता येतात. मात्र पडद्यावरचा रंग आणि सुतावरचा रंग यात फरक पडतो, म्हणून शेवटची पसंती सुताच्या लडीवर आणि विणलेल्या नमुन्यावरच घ्यावी. मोबाईलवर फोटो पाहून पास केलेल्या रंगाचे भांडण आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

यानंतर फाइल तयार होते. माग इलेक्ट्रॉनिक असेल तर ती सरळ त्याच्या कंट्रोलरला जाते. जॅकार्ड जुने असेल तर तीच फाइल पत्ते पाडणाऱ्या स्वयंचलित यंत्राला देता येते. म्हणजे माग न बदलताही अर्धी साखळी जोडता येते. हा मुद्दा छोट्या मागवाल्याने नीट लक्षात घ्यावा. आणखी एक सावधगिरी : प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर आपल्याच प्रकारची फाइल वाचतो. सॉफ्टवेअर घेण्याआधी आपल्या मागाची फाइल त्यातून निघते का, हे समोर बसून करून पाहावे.

जे वाचत नाही, तेही समजून घ्यावे

विक्रेते सांगतात की नक्षी बदलायला आता एक मिनिट लागते. हे अर्धेच खरे आहे. ताणा तोच असेल, तर पत्त्यांचा गठ्ठा उतरवून दुसरा चढवण्याचा वेळ वाचतो. पण सूत बदलले, तारांची संख्या बदलली, फणी बदलली, तर नवीन बीम लावणे, धागे जोडणे किंवा नव्याने ओवणे, हे चुकत नाही. तेथे संगणक काही करू शकत नाही.

म्हणून खरी हुशारी नक्षी ठरवतानाच वापरावी लागते. एकाच ताण्यावर, एकाच फणीवर बसतील अशा नक्षींचे कुटुंब तयार करावे. ताणा पांढरा किंवा बदामी ठेवावा आणि बाण्याच्या रंगाने व नक्षीने विविधता आणावी. गिऱ्हाइकाला दहा प्रकार मिळतात, मागाला मात्र एकच बीम लागतो. अशा पद्धतीने पाचशे-पाचशे मीटरच्या ऑर्डरीही अंगावर येत नाहीत.

मागाकडून नक्षीकडे

साखळी एका दिशेने जोडून भागत नाही. मागाने नक्षीला उत्तर दिले पाहिजे.

एक उदाहरण. २४ मागांचा कारखाना आहे, बारा तासांची पाळी आहे. एका नक्षीमुळे प्रत्येक माग पाळीत नेहमीपेक्षा दहा वेळा जास्त बंद पडतो, आणि प्रत्येक वेळी तार जोडून पुन्हा चालू करायला तीन मिनिटे जातात. एका मागाची ३० मिनिटे गेली. २४ मागांची ७२० मिनिटे, म्हणजे बारा तास. याचा अर्थ एक माग अख्खी पाळी बंद ठेवल्यासारखे झाले. मालक म्हणतो सूत खराब आहे. सूत खराब असू शकते. पण पुष्कळदा दोष नक्षीत असतो.

तो कसा, ते सांगतो. साध्या विणीत तार प्रत्येक पिकला वर-खाली होतो, म्हणून तो जास्त आत ओढला जातो. साटनमध्ये तार बराच वेळ सरळ राहतो, म्हणून कमी ओढला जातो. एकाच बीमवर काठ साध्या विणीचा आणि जमीन साटनची असेल, तर काही मीटरनंतर काठाचे तार ताठ होतात आणि जमिनीचे सैल पडतात. ताठ तार तुटतात, सैल तार एकमेकांत गुंततात. अशा वेळी काठाची वीण बदलून जमिनीच्या जवळ आणावी, किंवा काठासाठी वेगळा बीम घ्यावा. हे नक्षीच्या वेळीच करता येते. माग चालू झाल्यावर फक्त तार जोडत बसावे लागते.

नव्या रॅपिअर व एअरजेट मागांवर ताणा किती वेळा तुटला, बाणा किती वेळा तुटला, याची नोंद आपोआप होते. जुन्या मागावर एक वही आणि एक पेन्सिल हेच काम करते. नक्षीचा नंबर, पाळी, किती वेळा बंद, कशामुळे बंद. महिन्याच्या शेवटी ही वही नक्षी काढणाऱ्या मास्टरसमोर ठेवावी. आमच्याकडे नक्षी काढणारा कधी मागाजवळ जात नाही आणि माग चालवणाऱ्याला कधी कोणी नक्षीबद्दल विचारत नाही. हे बदलायला एक पैसा लागत नाही.

पिकचा हिशोबही येथेच येतो. मिनिटाला १५० पिकचा माग ८० टक्के वेळ चालला, तर तासाला ७,२०० पिक होतात. ५६ पिकच्या कापडाच्या एका मीटरला सुमारे २,२०५ पिक लागतात. म्हणजे तासाला साधारण सव्वातीन मीटर, चोवीस तासांत सुमारे ७८ मीटर. पिक ५६ वरून ५४ केले तर रोज जवळपास तीन मीटर जास्त निघतात. पण हे नक्षी काढतानाच ठरवून, नक्षी त्याप्रमाणे आखून, गिऱ्हाइकाला सांगून करावे. न सांगता पिक कमी करणे म्हणजे मापात कमी देणे होय. तो नफा हलाल नाही, आणि तो टिकतही नाही.

भरतकाम आणि शिलाई

हीच गोष्ट संगणकीय भरतकामाला लागू आहे. तेथे नक्षीची फाइल बनवण्याला पंचिंग म्हणतात. मशीन मिनिटाला ८०० टाके घालते असे धरा. २४,००० टाक्यांच्या नक्षीला ३० मिनिटे लागतात. जाणत्या पंचरने टाक्याची लांबी आणि दिशा बदलून तीच नक्षी २०,००० टाक्यांत बसवली, तर २५ मिनिटे लागतात. वीस तासांत पहिल्या फाइलने ४० फेऱ्या होतात, दुसऱ्या फाइलने ४८. कापड लावण्याचा व धागा तुटण्याचा वेळ यात धरलेला नाही, तरी फरक कळतो. यंत्र तेच, कारीगर तोच, वीजही तेवढीच. फक्त फाइल बदलली. स्वस्त पंचिंग करून घेणारे मालक शंभर-दोनशे रुपये वाचवतात आणि रोजच्या आठ फेऱ्या घालवतात.

शिलाईत नक्षीच्या जागी पॅटर्न येतो. कापडावर वेगवेगळ्या मापांचे तुकडे कसे मांडायचे, याच्या आखणीला मार्कर म्हणतात. ५,००० कुर्ते आहेत, प्रत्येकी अडीच मीटर, म्हणजे १२,५०० मीटर कापड. संगणकाच्या मांडणीने तीन टक्के कापड वाचले तर ३७५ मीटर वाचले. म्हणजे दीडशे कुर्त्यांचे कापड. मोठ्या कारखान्यात ही आखणी थेट कापणाऱ्या यंत्राला जाते. लहान कारखानदार ती मोठ्या कागदावर छापून घेऊन नेहमीच्या कटिंग मशीनने कापू शकतो. बचत तीच होते.

कारीगराचे काय?

हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चौकटीचा कागद भरणारे, पत्ते पाडणारे, पत्ते गुंफणारे यांचे काम यामुळे कमी होते. त्यातील बरेच लोक आपल्याच मोहल्ल्यातील आहेत. लिआँमध्येही जॅकार्डच्या यंत्राला विणकरांनी विरोध केला होता. पण तेथील रेशीम विणकरांचे जे मोठे उठाव झाले, १८३१ आणि १८३४ चे, ते यंत्राविरुद्ध नव्हते. त्यांचे मूळ मजुरीच्या दरात होते. यंत्राने वाचलेला पैसा कोणाच्या खिशात जातो, हा भांडणाचा मुद्दा असतो. म्हणून जो मालक या पद्धतीने उत्पादन वाढवील, त्याने वाढीतील वाटा कारीगराला द्यावा. त्यात बरकत आहे आणि व्यवहारही आहे, कारण नाराज कारीगराच्या हातात महाग यंत्र देणे परवडत नाही.

दुसरे असे की, संगणकावर बसवण्यासाठी सर्वांत योग्य माणूस हा जुना ग्राफवाला मास्टरच आहे. त्याला वीण कळते. ज्या मुलाला फक्त संगणक येतो, तो सुंदर चित्र काढील, पण पंचवीस धाग्यांचा मोकळा धागा त्याला दिसणार नाही. अडचण भाषेची सांगतात. आमचे स्वतःचे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि आम्ही हे काम पन्नाशीच्या उंबरठ्यावर पाहून पाहून समजून घेतले. रोज लागणारे इंग्रजी शब्द पन्नासच्या वर नाहीत. ते एका कागदावर उर्दूत किंवा मराठीत लिहून भिंतीला लावले की महिन्याभरात कागद पाहावा लागत नाही. मास्टर आणि त्याचा मुलगा किंवा मुलगी एकत्र बसले तर फारच उत्तम. एकाकडे हुनर, दुसऱ्याकडे संगणक. हे काम घरी बसून होण्यासारखे असल्याने आपल्या मुलींनाही यात चांगली रोजी आहे.

पैसा कोठून आणावा?

यंत्रासाठी व्याजी कर्ज काढायची इच्छा नसलेले पुष्कळ बंधू आहेत. त्यांना आमचे सांगणे असे की, सुरुवात यंत्रापासून करूच नये. नक्षीचे काम मजुरीवर करून देणारे स्टुडिओ मोठ्या केंद्रांत आहेत. पहिल्या वर्षी दर नक्षीमागे पैसे देऊन काम करून घ्यावे. दुसऱ्या वर्षी पाच-सहा मागवाल्यांनी शिरकतीत एक संगणक, एक सॉफ्टवेअर आणि एक मास्टर ठेवावा. खर्च वाटला जाईल आणि नफा-नुकसानही वाटले जाईल. भागीदारीचे कलम न कलम लिहून ठेवावे. भाऊभाऊ असले तरी लिहून ठेवावे.

इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड घ्यावे की नाही, याचीही साधी कसोटी आहे. तुमची नक्षी सहा-सहा महिने चालत असेल, तर पत्तेच स्वस्त पडतात. दर आठ-पंधरा दिवसांनी बदलत असेल, तर इलेक्ट्रॉनिकचा विचार करावा. सरकारची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना १९९९ साली सुरू झाली होती आणि तिचे सुधारित रूप मार्च २०२२ मध्ये संपले. त्या काळात केवळ अनुदान मिळते म्हणून यंत्र घेतलेले आणि पुढे काम न मिळाल्याने अडचणीत आलेले लोक आम्ही पाहिले आहेत. आधी काम, मग यंत्र, हा क्रम उलटा करू नये.

फाइल ही अमानत आहे

पत्त्यांचा गठ्ठा चोरायला रिक्षा लागत असे. फाइल मोबाईलवरून एका क्षणात जाते. गिऱ्हाइकाची नक्षी दुसऱ्याला देणे ही अमानतीत खयानत आहे, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. स्वतःची नवी नक्षी असेल तर डिझाइन्स कायदा, २००० खाली तिची नोंदणी करावी. नोंदणीने दहा वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. मात्र माल बाजारात आणण्यापूर्वी अर्ज केला पाहिजे. नोंदणी केली नाही आणि नक्षीच्या पन्नासपेक्षा जास्त नकला यंत्रावर निघाल्या, तर कॉपीराइटचा आधारही उरत नाही.

उद्यापासून काय करावे?

१. ऑर्डरच्या चिठ्ठीवर तार, पिक, फणी, सुताचा नंबर, हुक आणि पन्हा या सहा गोष्टी लिहिल्याशिवाय चिठ्ठी मागावर पाठवू नये.

२. प्रत्येक मागाचा एक कागद करावा. त्यावर त्या मागावर काय बसते आणि काय बसत नाही, हे लिहून त्याची नक्कल नक्षीच्या मास्टरला द्यावी.

३. नक्षी पास झाल्यावर तिला नंबर आणि तारीख द्यावी. नंतर बदल झाला तर नंबरही बदलावा. एकाच नावाच्या दोन फाइली हे अर्ध्या घोटाळ्यांचे कारण असते.

४. पहिला मीटर विणल्यावर माग थांबवावा. पट्टी लावून नक्षीची लांबी-रुंदी मोजावी, आणि दोघांनी सही केल्यावरच पुढे जावे.

५. माग बंद पडण्याची वही ठेवावी आणि महिन्यातून एकदा मास्टर, मागवाला व व्यापारी यांनी ती एकत्र बसून पाहावी.

६. फाइलींची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवावी. पत्ते उंदीर खातात, संगणकही बंद पडतो.

या सहांपैकी पाच गोष्टींना संगणक लागत नाही. संगणक येईल तेव्हा तो या शिस्तीवरच चालेल. शिस्त नसेल तर तो आपली चूक अधिक वेगाने विणून देईल, एवढेच.

आपल्या लोकांच्या हाताला नक्षीची समज पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. इतके असून आपण आज बहुतांशी दुसऱ्याच्या नक्षीवर, दुसऱ्याच्या सुतावर, पिकमागे पैसे मोजून घेणारे मजुरीचे मागवाले राहिलो आहोत. नक्षी ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात, हा या बाजाराचा नियम आहे. नक्षी आणि माग यांची सांगड आपणच घातली, तर इन्शाअल्लाह भाव ठरवताना आपलेही तोंड उघडेल. आमच्या दुकानात त्या अंडाकृती चाँदाचा एक तुकडा आम्ही अजून जपून ठेवला आहे. नवीन मुलगा कामाला लागला की त्याच्या हातात पहिल्यांदा तो तुकडा आणि एक पट्टी देतो, आणि मोजायला सांगतो.